फियाट, ट्रॅक आणि ब्रेकचा ड्रम

माढा तालुक्यातील कुर्डुवाडीहून निघणाऱ्या बार्शी लाइट रेल्वेच्या एका टप्प्याचे काम विसाव्या शतकाच्या आरंभी लक्ष्मणराव फाटक यांच्या भागीदारीत करणारे सोलापूरचे तरुण ठेकेदार वालचंद हिराचंद यांनीच पुढे १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली, आणि तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट ११००, म्हणजेच १९७४ नंतरची पद्मिनी, रस्त्यावर आली. परवानाराजच्या काळात स्पोर्ट्स कार हौशी चालकाच्या आवाक्यात नव्हती. त्यामुळे मद्रासजवळच्या शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर ही चार दारांची घरगुती गाडीच शर्यतीत उतरे.

तिचे १०८९ सीसीचे इंजिन समंजस आहे. वळणावर चेंबरमधले, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या टाकीतले, ऑइल एका बाजूला सरकून पंपाला हवा ओढावी लागू नये म्हणून आत आडव्या पट्ट्या जोडणे, कार्बोरेटरची जेट बदलणे, मागचे पाटे कडक करणे, ही कामे जाणता मिस्त्री उरकतो. खरी परीक्षा चारही चाकांतील ड्रम ब्रेकची असते, कारण ताशी ८० ऐवजी १०० किलोमीटर वेगावरून थांबायचे झाल्यास ब्रेकला दीडपटीहून अधिक उष्णता पचवावी लागते.

ड्रम म्हणजे चाकाबरोबर फिरणारे बिडाचे भांडे. पेडल दाबताच आतले दोन शू त्याच्या भिंतीवर आतून दाबले जातात. तापलेला ड्रम प्रसरण पावून शूपासून दूर जातो, शूवरच्या लायनरची, म्हणजे घर्षणाच्या अस्तराची, पकड सैलावते आणि पेडल खाली खाली जाऊ लागते. त्यात ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते: डॉट ३ प्रतीचे कोरडे ऑइल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पण ओलावलेल्या ऑइलसाठी ही मर्यादा १४० अंशांवर येते, आणि नळीत वाफ धरली की पेडल स्पंजासारखे दबते, गाडी मात्र थांबत नाही. म्हणून ट्रॅकवर जाण्याआधी ताजे ऑइल भरून नळ्यांतली हवा काढणे आणि शूचे अंतर नेमके लावणे ही कामे कोणत्याही सजावटीआधी व्हायला हवीत. फेऱ्या संपल्यावरही गाडी थोडी सावकाश फिरवून ब्रेक थंड होऊ द्यावे लागतात. लगेच हँडब्रेक ओढल्यास आकसणारा ड्रम शूवर आवळला जाऊन वाकडा होण्याचा धोका असतो.

चरे पडलेला किंवा वाकडा झालेला ड्रम लेथवर साफ करता येतो, परंतु दर वेळी त्याची भिंत पातळ होते, पातळ भिंत लवकर तापते, आणि जी व्याधी घालवायची तीच बळावते. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींमुळे या गाडीच्या सुट्या भागांना मोठी मागणी होती. ३० ऑक्टोबर २०२३ पासून तेथे पद्मिनी टॅक्सी अधिकृतपणे धावत नाही, आणि त्या मागणीबरोबर भाग साठवून ठेवण्याचे दुकानदाराचे कारणही गेले. नवा ड्रम ओतून घ्यायचा तर साचा, बिडाची प्रत आणि तोल, तिन्ही साधावे लागतात, आणि एका गाडीसाठी एवढा खटाटोप करायला तयार असलेला कारखाना मिळणे कठीण. अशा स्थितीत जाड भिंतीचे जुने ड्रम मिळतील तेथून घेऊन ट्रॅकसाठी राखून ठेवणे आणि रोजच्या फिरण्याला झिजलेला जोड वापरणे, तोही मापाच्या मर्यादेत असेपर्यंतच, एवढाच मार्ग आज हाताशी राहतो.