आकस्मिक प्रसंगी बालकाची पाहणी व शुश्रूषा

मोठ्या माणसास काय होते आहे ते तो स्वतः सांगू शकतो; लहान मुलास ते सांगता येत नाही. ते ‘पोट दुखते’ एवढेच म्हणेल, किंवा काहीच न म्हणता मान टाकून बसेल. म्हणून बालकाच्या शुश्रूषेत विचारण्याआधी पाहणे येते. भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात शिशु कक्षास ९ जानेवारी २०२१ रोजी आग लागली, तेव्हा तेथे १७ बालके होती. ७ वाचविता आली, १० दगावली. ज्यास हाक मारता येत नाही त्यावर दुसऱ्याची नजर अखंड हवी, हे त्या रात्रीने आपल्या जिल्ह्यास शिकविले आहे.

शाळेत ही नजर शिक्षकाची होय. भंडारा रोड रेल्वेस्थानक वरठीत असले तरी जिल्हा रुग्णालय भंडारा शहरात आहे. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलाविल्यापासून ती दाराशी येईपर्यंतचा वेळ शिक्षकाच्या हाती असतो.

तीन गोष्टी पाहाव्यात

रुग्णालयातील परिचारिका मुलास हात लावण्यापूर्वी ज्या तीन गोष्टी पाहते, त्याच शिक्षकांनीही पाहाव्यात.

१. चर्या : मूल हाकेस ओ देते काय? अंग सैल पडले आहे काय? मोठ्याने रडणाऱ्या मुलापेक्षा एकाएकी गप्प झालेले मूल अधिक काळजीचे समजावे.

२. श्वास : सदरा वर करून छाती पाहावी. बरगड्यांखालचा भाग आत ओढला जाणे व नाकपुड्या फुलणे ही धोक्याची चिन्हे होत. श्वास पूर्ण १ मिनिट मोजावेत. अंगणवाडीतील १ ते ५ वर्षांच्या मुलात ते ४० वा अधिक भरल्यास श्वास जलद समजावा.

३. वर्ण : ओठ व जीभ निळसर किंवा फिकट आहेत काय? सावळ्या मुलाचे तळहातही पाहावेत.

यांपैकी एकही गोष्ट बिघडलेली दिसल्यास वाट न पाहता १०८ ला कळवावे.

तोवर काय करावे

उन्हाची बाधा : मुलास सावलीत न्यावे, कपडे सैल करावे, अंगावर पाणी शिंपडून वारा घालावा. शुद्ध नसल्यास तोंडात पाणी घालू नये. ते श्वासनलिकेत जाते.

झटके : मुलास कुशीवर वळवावे व घड्याळ पाहावे. दातांत चमचा घालू नये. कांदा वा चप्पल हुंगविण्यात वेळ दवडू नये. ५ मिनिटांवर चाललेला झटका अत्यंत धोक्याचा होय.

सर्पदंश : दंशाचा हात वा पाय फळीला बांधून स्थिर ठेवावा व मुलास चालू देऊ नये. आवळपट्टी बांधणे, जखम कापणे व मांत्रिकाकडे नेणे टाळावे. मण्यारच्या दंशाची खूण पुष्कळदा दिसतही नाही. पापण्या जड होणे हेच चिन्ह असते.

बुडणे : आपला जिल्हा तलावांचा आहे. बाहेर काढलेल्या मुलास उलटे टांगून वा पोट दाबून पाणी काढण्याचा प्रयत्न करू नये. श्वास नसल्यास तोंडाने श्वास द्यावा व छातीवर दाब देणे सुरू करावे. याचे शिक्षण प्रत्येक शाळेत किमान एकाने घ्यावे.

सोबत चिठ्ठी द्यावी

मुलाचे नाव, वय, घटनेची वेळ, दिसलेली लक्षणे व तोवर केलेले उपचार चिठ्ठीवर लिहावे. वजनही अवश्य लिहावे. मुलांच्या बहुतेक औषधांची मात्रा वजनावरून ठरते व ते शाळेच्या आरोग्य नोंदीत असते. सर्पविषावरील लस मात्र मुलास मोठ्यांइतकीच द्यावी लागते, कारण साप लहान मूल पाहून विष कमी सोडीत नाही. पालक घाबरल्यास त्यांस हे समजावून सांगावे.

चिठ्ठीचा कोरा नमुना व १०८ हा क्रमांक वर्गाच्या भिंतीवर आजच लावावा. प्रसंग आल्यावर शोधाशोध करण्यास वेळ उरत नाही.