भिंगापुढची कांच आणि भिंगामागची कांच

पाण्यानें भरलेल्या पातेल्याच्या तळाशीं पडलेलें नाणें आहे त्याहून वर आल्यासारखें दिसतें. छापील पानावर जाड, सपाट कांच ठेवली तर तिच्याखालचीं अक्षरेंही तशींच वर उचललेलीं भासतात. प्रकाशकिरण एका पदार्थांतून दुसऱ्यांत तिरपा शिरला म्हणजे त्याची दिशा बदलते, हें याचें कारण. या वक्रीभवनाचा नियम डच गणिती स्नेल यानें १६२१ सालीं शोधून काढला. साध्या कांचेचा वक्रीभवनांक सुमारें १.५ असल्यामुळें अक्षरें कांचेच्या जाडीच्या एकतृतीयांशाइतकीं वर आलेलीं दिसतात.

छायाचित्रकार कॅमेऱ्याला फिल्टर लावतो तेव्हां हाच नियम त्याच्या चित्रांत शिरतो. पिवळा फिल्टर आकाशाचा निळा प्रकाश अडवितो. त्यामुळें कृष्णधवल चित्रांत पांढरे ढग उठून दिसतात. पण या कांचेनें चित्राचा रेखीवपणा बिघडेल काय? तें ती कांच कोठें बसविली आहे यावर अवलंबून असतें.

दूरच्या डोंगरावरून येणारे किरण भिंगापाशीं जवळजवळ समांतर असतात. भिंगापुढील कांचेच्या दोन्ही बाजू सपाट व परस्परांशीं समांतर असल्या, तर हे सर्व किरण सारखेच सरकतात आणि समांतरच राहतात. म्हणून फोकस ढळत नाहीं. दोन मिलिमीटर जाडीच्या फिल्टरमुळें जवळची वस्तु पाऊण मिलिमीटरहूनही कमी अंतरानें अलीकडे आल्यासारखी होते. तीन मीटरांवर बसलेल्या माणसाच्या चित्रांत हा फरक कोणाच्या ध्यानांतही येणार नाहीं. मात्र कांचेची बाजू किंचितही फुगीर असली, तर ती स्वतःच एक क्षीण भिंग बनते, व लांब पल्ल्याच्या भिंगानें घेतलेल्या चित्रांत तो दोष उघड होतो.

भिंगामागें प्रकार निराळा. तेथें किरण एका बिंदूकडे धांवत असतात. वाटेंत तीन मिलिमीटर जाडीची कांच आली, तर त्यांचा संगम एक मिलिमीटर मागें, म्हणजे फिल्मच्या पलीकडे, होतो. तो पुन्हां फिल्मवर आणावयाचा तर भिंग तितकेंच पुढें घ्यावें लागेल. पण पुष्कळदां भिंग अनंत अंतराच्या खुणेवरच ठेवलें जातें. मग दूरचे डोंगर अस्पष्टच राहतात, आणि दोष बिचाऱ्या भिंगाच्या माथीं मारला जातो. भिंगामागें जिलेटिनचा फिल्टर वापरतात तो यासाठींच. त्याची जाडी मिलिमीटरच्या दशांशाएवढी असल्यानें फोकस नाममात्रच सरकतो.

कांहीं भिंगांची रचनाच मागील फिल्टर हिशेबांत धरून केलेली असते. तेथें रंगीत फिल्टर नको असला, तर तितक्याच जाडीची स्वच्छ कांच बसवावी लागते. आजच्या डिजिटल कॅमेऱ्यांत प्रकाशग्राही पटलावर असलेल्या कांचेचाही असाच हिशेब असतो. ती काढून टाकली तर फोकस चुकतो.

तेव्हां भिंगाला दोष देण्यापूर्वीं त्याच्या मागें कोणती कांच आहे हें पाहावें, आणि फोकस नेहमीं फिल्टर जागेवर बसवूनच साधावा.