व्हाइटहेवनची कोळसा खाण : समज, गैरसमज आणि वस्तुस्थिती

व्हाइटहेवन हे इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावरचे, कंब्रिया परगण्यातले, दगडी कोळशावर वाढलेले बंदर. तिथली हेग ही शेवटची खोल खाण १९८६ मध्ये बंद झाली. पुढे गावालगतच्या बंद पडलेल्या रासायनिक कारखान्याच्या जागेवरून, आयरिश समुद्राच्या तळाखाली बोगदे नेऊन पुन्हा कोळसा काढण्याची योजना ‘वेस्ट कंब्रिया मायनिंग’ या कंपनीने मांडली. वर्षाला सुमारे २८ लाख टन कोळसा, २०४९ पर्यंतची मुदत आणि पाचशेवर नोकऱ्या, असा तिचा आवाका होता. ७ डिसेंबर २०२२ रोजी मंत्री मायकेल गोव्ह यांनी तिला परवानगी दिली. तीस वर्षांत ब्रिटनमध्ये नव्या खोल खाणीला मिळालेली ही पहिलीच परवानगी. तिच्याभोवतीच्या वादात दोन्ही बाजूंनी काही गैरसमज रूढ झाले.

पहिला विरोधकांकडचा. ब्रिटनमध्ये कोळशावरची वीज संपली, मग हा कोळसा जाळणार कोण? रॅटक्लिफ हे तिथले कोळशावर चालणारे शेवटचे वीजकेंद्र ३० सप्टेंबर २०२४ रोजी बंद झाले, हे खरे. पण व्हाइटहेवनचा कोळसा विजेसाठी नव्हताच. तो कोक बनवण्याचा होता. असा कोळसा हवा लागू न देता हजार अंशांच्या वर तापवला की त्यातला वायू आणि डांबर निघून जाते आणि राखाडी, सच्छिद्र, टणक कोक उरतो. पोलादासाठी लोखंड गाळणाऱ्या झोतभट्टीत तो खनिजातला ऑक्सिजन ओढून घेतो, उष्णता पुरवतो आणि वरच्या खनिजाचा भार पेलून धरतो, त्यामुळे हवेचा झोत वरपर्यंत खेळता राहतो. साध्या कोळशाचा भट्टीत भुगा होईल. या पद्धतीने एक टन पोलाद करायला असा कोळसा साधारण पाऊण टन लागतो.

यावरून समर्थकांनी काढलेला निष्कर्ष मात्र घाईचा होता. ब्रिटिश पोलादाला कोळसा लागतो, तो परदेशातून आणण्यापेक्षा घरचा काय वाईट, असे ते म्हणत. मुळात सुमारे ८५ टक्के माल निर्यात करण्याचाच बेत होता. दुसरी अडचण गंधकाची. कोकमधून पोलादात उतरलेले गंधक तापलेल्या पोलादाला ठिसूळ करते, म्हणून भट्टीवाले गंधक जपून मोजतात, आणि कंब्रियाच्या या कोळशात ते जास्त आहे. शिवाय गिऱ्हाईकच उठून चालले होते. वेल्समधल्या पोर्ट टॅल्बोटची शेवटची झोतभट्टी टाटा स्टीलने विझवली, तीही ३० सप्टेंबर २०२४ रोजीच. वीजकेंद्र आणि भट्टी एकाच दिवशी थंड झाली. तिच्या जागी भंगार वितळवणारी विजेची भट्टी येत आहे. तिला कोक लागत नाही. यानंतर ब्रिटनमध्ये झोतभट्ट्या उरल्या त्या फक्त इंग्लंडमधल्या स्कन्थॉर्पला, आणि एप्रिल २०२५ मध्ये त्या विझू नयेत म्हणून सरकारला तातडीचा कायदा करून कारखान्याचा ताबा घ्यावा लागला. एवढ्या आधारावर २०४९ पर्यंतचा हिशेब मांडणे धाडसाचेच.

मागणी सगळीकडेच आटली, हा समजही चूक. २०२४ मध्ये जगात कोळशाचा वापर विक्रमी पातळीवर होता. भारताचे स्वतःचे उत्पादन २०२४-२५ मध्ये १०० कोटी टनांपुढे गेले, तरी कोकिंग कोळसा मोठ्या प्रमाणात बाहेरूनच आणावा लागतो. देशी मालात राख फार. पण भारताचा मुख्य पुरवठादार ऑस्ट्रेलिया आहे, आणि कंब्रियाचा हिशेब प्रामुख्याने युरोपच्या भट्ट्यांवर बेतलेला होता. जगात मागणी आहे म्हणजे या खाणीला मागणी आहे, असे होत नाही.

सर्वात चिवट युक्तिवाद होता तो बदलीचा : इथून काढला नाही तर तेवढाच कोळसा दुसरीकडून निघेल, तेव्हा प्रदूषणात भर कसली? कंपनी तर ही खाण ‘निव्वळ शून्य’ असेल असे सांगत होती. हे शून्य फक्त खोदकामाचे होते. विकलेला कोळसा जळेल तेव्हाचा धूर त्यात धरलेला नव्हता. जून २०२४ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने सरे परगण्यातल्या तेलविहिरींच्या खटल्यात, पुढे जळणाऱ्या इंधनाचे उत्सर्जनही परवानगीपूर्वी मोजले पाहिजे, असा निर्वाळा दिला. १३ सप्टेंबर २०२४ रोजी न्यायमूर्ती होल्गेट यांनी त्याच आधारे व्हाइटहेवनची परवानगी रद्द केली. बदलीचे गृहीतक त्यांनी सदोष ठरवलेच, शिवाय परदेशातून कार्बन क्रेडिट विकत घेऊन शून्य गाठण्यावर विसंबलेला निर्णयही चुकीचा ठरवला.

नोकऱ्यांचा मुद्दा पोकळ नव्हता. कारखाना गेलेल्या गावात पाचशे पगार म्हणजे थोडेथोडके नव्हेत. स्थानिक पाठिंबाही खरा होता. पण नोकरी टिकायची तर कोळसा खपला पाहिजे, आणि खप कुठे होणार हेच नक्की नव्हते.

न्यायालयाने खाणीवर बंदी घातली असे सर्रास म्हटले जाते. तसे झालेले नाही. निकालाने फक्त परवानगी गेली; अर्ज फेरनिर्णयासाठी सरकारकडे परतला. नोव्हेंबर २०२४ मध्ये सरकारने नवे कोळसा परवाने देणे बंद करण्याचा इरादा जाहीर केला, आणि २०२५ मध्ये कंपनीने आपला अर्ज स्वतःहून मागे घेतला.