भरवसा आणि विहीर

देवावर भरवसा ठेवला म्हणजे माणसाने स्वस्थ बसावे काय? पंडिता रमाबाईंचेच पाहा ना! १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून निराधार मुली केडगावला आणल्या. इतक्या जणींच्या पोटात घालायचे काय? रमाबाईंनी प्रार्थना केली. पण विहिरीही खणविल्या, शेती केली, मुलींना कामधंदा शिकविला. पुढे हिब्रू व ग्रीक शिकून साऱ्या बायबलाचे सोपे मराठी भाषांतर त्यांनी हाती घेतले. १९२१ साली एकुलती एक लेक मनोरमा गेली. तरीही हातचे काम सुटले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी देह ठेवीपर्यंत त्या त्यातच होत्या. मागणे देवापाशी करावे, राबणे आपल्याकडे ठेवावे; दुःखातही नेमलेले काम सोडू नये. ख्रिस्ती निष्ठा म्हणतात ती हीच, मंडळी.