कमिट केलं म्हणजे पोचलं असं नाही

पीएचडीची पहिली दोन वर्षं मी सबव्हर्जन वापरलं. आमचा पुराचं सिम्युलेशन करणारा फोर्ट्रान कोड लॅबमधल्या सर्व्हरवर असायचा. बदल करायचा, कमिट मारायचं, घरी जायचं. मग गट गिटवर गेला. कमांड्स आठवड्याभरात शिकलो. घोळ झाला तो शब्दांचा. शब्द तेच, अर्थ वेगळे.

सबव्हर्जनमध्ये कमिट थेट सर्व्हरवर जातं. नेटवर्क नसेल तर होतच नाही. गिटमध्ये प्रत्येकाच्या मशीनवर अख्खा इतिहास असतो आणि कमिट तिथेच नोंदवलं जातं. पुश करेपर्यंत सर्व्हरला त्याचा पत्ताही नसतो. हे मी वाचलं होतं हो, पण हाताची सवय जुनीच. बारा दिवस रोज इमानेइतबारे कमिट केलं, पुश एकदाही नाही. तेराव्या दिवशी लॅपटॉपची डिस्क गेली. बाउंडरी कंडिशन्सचा सगळा नवा भाग पुन्हा लिहायला तीन आठवडे लागले. गाईडना ते कसं सांगितलं, तो विषय नको.

रिव्हर्टचंही तसंच. सबव्हर्जनमध्ये त्याने कमिट न केलेले बदल फेकले जातात. गिटमध्ये जुन्या कमिटच्या उलटा बदल करणारं एक नवं कमिट तयार होतं. फेकायचंच असेल तर 'गिट रिस्टोर' वापरा, 2019 पासून ती कमांड आहे.

मला सगळ्यात जास्त चुकल्यासारखं वाटलं ते क्रमांकांचं. माझ्या वहीत प्रत्येक आलेखाशेजारी 412, 413 असा रिव्हिजन नंबर असायचा. गिट त्याऐवजी 40 अक्षरांचा हॅश देतं. का? तर क्रमाने नंबर द्यायला मधे कुणीतरी एक लागतो. दोघांनी आपापल्या लॅपटॉपवर एकाच वेळी कमिट केलं, तर 413 कुणाचा? म्हणून गिट फाइल्सचा मजकूर, आधीच्या कमिटचा हॅश, लेखक, वेळ आणि संदेश यांवरूनच ओळख बनवतं. त्यातलं एक अक्षर बदललं तरी हॅश बदलतो. हे डोक्यात बसलं आणि बाकीचं गिट आपोआप सुटत गेलं.

संशोधनासाठी तर हे नंबरांपेक्षा बरं. आता माझा प्रोग्रॅम प्रत्येक आउटपुट फाइलच्या पहिल्या ओळीत हॅश छापतो, आणि कमिट न केलेले बदल असतील तर पुढे 'डर्टी' असा शेराही. डर्टी आलेख प्रबंधात घेत नाही. आणि हो, संध्याकाळी निघताना पुश.