‘लक्ष ठेवू’ म्हणजे नेमकं काय?

तपासणीत कॅन्सर निघाला आहे आणि डॉक्टर शांतपणे म्हणतात, “सध्या काही करायचं नाही, आपण लक्ष ठेवू.” तुम्हाला हायसं वाटेल की पोटात गोळा येईल?

या एका प्रश्नावर इंग्लंडमध्ये एक भलंमोठं संशोधन अडून बसलं होतं. ते सुटलं कसं, याची गोष्ट मला कुठल्याही नव्या औषधाच्या शोधाइतकीच थरारक वाटते.

पुरुषांच्या मूत्राशयाखाली अक्रोडाएवढी एक ग्रंथी असते, प्रोस्टेट. तिचा कॅन्सर पुष्कळदा इतका संथ वाढतो की माणूस त्याच्यासह म्हातारा होतो आणि भलत्याच कारणाने जातो. काहींच्या बाबतीत मात्र तो पसरतो. लवकर सापडला तर वाटा तीन. ग्रंथी काढून टाका. पण मग लघवीवरचा ताबा आणि लैंगिक क्षमता जाण्याची भीती. किरणोपचार घ्या, त्यात आतड्यांना त्रास होऊ शकतो. किंवा ठरावीक काळाने रक्त तपासत राहा आणि आजार हलला तरच हात घाला. तिन्हींत सरस कोणती? १९९९ मध्ये याचं उत्तर जगात कोणाकडेच नव्हतं.

ते मिळवायचा खात्रीचा रस्ता एकच. रुग्णांची तीन गटांत विभागणी करायची आणि कोण कुठल्या गटात जाणार, हे रुग्णाने नाही, डॉक्टरनेही नाही, तर निव्वळ चिठ्ठीने ठरवायचं. आता सांगा, स्वतःच्या कॅन्सरचा उपचार चिठ्ठीवर सोडायला कोण तयार होईल? अमेरिकेतल्या ‘स्पिरिट’ नावाच्या अशाच एका ट्रायलला १,९८० पुरुष हवे होते. मिळाले ५६. ट्रायल गुंडाळावी लागली.

ब्रिटनमधल्या संशोधनाचं नाव ‘प्रोटेक्ट’. ब्रिस्टल, न्यूकॅसल आणि शेफील्डमध्ये त्याची पूर्वतयारी चालू झाली, तेव्हा शंभरातले तीस-चाळीसच जण चिठ्ठीला तयार होत होते. इथे जेनी डोनोव्हन या समाजशास्त्रज्ञ बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधी गोष्ट केली. डॉक्टर आणि रुग्ण बोलत असताना त्यांनी टेबलावर टेपरेकॉर्डर ठेवला. मग ते बोलणं शब्दन् शब्द ऐकलं, आणि ‘तुम्हाला यातून काय कळलं?’ असं रुग्णांनाही विचारलं.

त्या टेपमधून जे निघालं ते चक्रावून टाकणारं होतं. देखरेखीच्या वाटेला डॉक्टर ‘वॉचफुल वेटिंग’ म्हणत. त्यांच्या मनातला अर्थ होता, डोळ्यांत तेल घालून पाहू. रुग्णाच्या कानात पडत होतं, मी मरेन आणि हे बघत बसतील! एकाच खोलीत, एकाच भाषेत, समोरासमोर बसलेली दोन माणसं, आणि दोन शब्दांचे दोन टोकांचे अर्थ.

पुढचा शोध क्रमाचा. डॉक्टर आधी शस्त्रक्रियेविषयी सांगत, मग किरणांविषयी, आणि जाता जाता देखरेखीचं. पंगतीत शेवटी उरलंसुरलं वाढावं तसं. ऐकणारा समजायचं ते समजत होता. दहा वर्षांनी किती जण जिवंत असतात हा आकडा डॉक्टर दिलासा म्हणून देत, तर काही रुग्ण त्यातून ‘आपल्याकडे दहाच वर्षं आहेत’ असं घेऊन घरी जात. ‘ट्रायल’ या शब्दाचाही प्रत्येक जण वेगळाच अर्थ लावत होता.

सगळ्यात खोल गाठ मात्र वेगळीच होती. कोणता उपचार बरा हे आपल्याला ठाऊक नाही, असं डॉक्टरला मोकळेपणाने म्हणता येत नव्हतं. त्यात नवल नाही. रुग्ण विचारतो, “तुमच्या वडिलांना झालं असतं तर तुम्ही काय केलं असतंत?” त्या डोळ्यांत पाहून ‘माहीत नाही’ म्हणायला छाती लागते. मग बोलणं नकळत एका बाजूला झुकतं आणि रुग्ण ते बरोबर टिपतो. डॉक्टरांचं मत जर ठरलेलंच आहे, तर चिठ्ठी कशाला?

मग बदललं काय? देखरेख पहिल्यांदा सांगायची. तिचं नाव ‘सक्रिय देखरेख’. ‘ट्रायल’ऐवजी ‘अभ्यास’. दहा वर्षांनंतरही बहुतेक जण जिवंत असतात, हे सरळ वाक्यात. आणि तिन्ही उपचार तुम्हाला चालण्यासारखे आहेत, पण सरस कोणता ते आम्हाला अजून कळलेलं नाही, हे स्पष्ट बोलायचं. उपचार तेच, धोके तेच. मे २००० मध्ये तीस-चाळीस टक्क्यांवर असलेला होकार मे २००१ मध्ये ७० टक्क्यांवर गेला! याला गळ घालणं म्हणता येणार नाही, कारण चिठ्ठी नाकारून हवा तो उपचार निवडायला प्रत्येक जण मोकळा होता. समजावणारी व्यक्ती सर्जन असो वा नर्स, होकार जवळजवळ सारखाच मिळतो, हेही त्यांनी तपासून पाहिलं.

रुग्णांनाच ट्रायल नको असते, असं आपण किती सहज म्हणतो! कॅन्सरच्या ट्रायलबाबतच्या ३५ अभ्यासांचा एकत्रित आढावा सांगतो की प्रत्यक्ष विचारणा झालेल्यांपैकी ५५ टक्के लोक हो म्हणतात. विचारणं महत्त्वाचं, आणि कसं विचारतो तेही.

‘प्रोटेक्ट’मध्ये ८२,४२९ पुरुषांची रक्ततपासणी झाली. लवकरच्या टप्प्यातला कॅन्सर सापडलेल्या २,६६४ जणांपैकी १,६४३ जणांनी चिठ्ठी मान्य केली. २०२३ मध्ये पंधरा वर्षांचा हिशोब आला. या कॅन्सरने गेलेले अवघे ४५, आणि तिन्ही गटांत प्रमाण जवळपास सारखं, सुमारे तीन टक्के. देखरेखीच्या गटात आजार पसरण्याचं प्रमाण मात्र दुप्पट होतं, हेही त्यातूनच कळलं. निदान झाल्या झाल्या ऑपरेशनकडे धावायची गरज नाही, थोडं थांबून विचार करता येतो, असं आज डॉक्टर ठामपणे सांगू शकतात ते या माणसांमुळे.

आणि मराठीत? आपल्याकडे ट्रायल शिंप्याकडे असते आणि कोर्टातही. ‘चाचणी’ म्हटलं की रक्ताची आठवते, नाहीतर शाळेतली. ‘प्रयोग’ म्हटलं तर घरचे उठूनच जातील. तरीही परळच्या टाटा मेमोरियलने केलेल्या एका ट्रायलमध्ये अकरा केंद्रांतून सुमारे सोळाशे स्त्रिया सहभागी झाल्या. स्तनाचं ऑपरेशन करण्याच्या काही मिनिटं आधी गाठीभोवती भूल देण्याचं साधं, स्वस्त औषध टोचलं, तर पाच वर्षांनी जिवंत असणाऱ्यांचं प्रमाण ८६.४ वरून ९०.१ टक्क्यांवर गेलं. हे इंजेक्शन मिळेल की नाही ते चिठ्ठी ठरवेल, हे या स्त्रियांना आधी कोणीतरी समजावून सांगितलं होतं.

उद्या तुमच्या घरी कोणाला अशी विचारणा झाली, तर सही करण्याआधी ऐकलेलं सगळं तुमच्या शब्दांत डॉक्टरांना परत सांगा आणि विचारा, “मला बरोबर कळलंय ना?” नाही म्हटलंत तरी नेहमीचे उपचार थांबत नाहीत, आणि हो म्हटल्यानंतरही केव्हाही बाहेर पडता येतं.