चाकाची चमक आणि रस्त्यावरची पकड

खंडेनवमी-दसऱ्याला शस्त्रांची, अवजारांची आणि आता वाहनांचीही पूजा करण्याची प्रथा माळव्यात स्थिरावलेल्या आपल्या मराठी कुटुंबांनी पिढ्यानपिढ्या जपली आहे. आदल्या दिवशी मोटरसायकल धुऊन घ्यावी, झेंडूचा हार घालावा, हँडलवर कुंकवाचे स्वस्तिक काढावे, यात आनंदच आहे. मात्र धुलाई केंद्रावर शेवटचा हात म्हणून टायरला चकाकी आणणारे पॉलिश फासले जाते, त्याविषयी अस्थिरोगतज्ज्ञ या नात्याने मला चार शब्द लिहावेसे वाटतात. माझे मत आरंभीच सांगतो: मोटारीच्या टायरच्या बाजूच्या भिंतीला असे पॉलिश बेताने लावल्यास फारसे बिघडत नाही, दुचाकीच्या टायरला मात्र ते लावूच नये.

या पॉलिशमध्ये बहुधा सिलिकोन तेल असते. आपणा डॉक्टरांना ते अपरिचित नाही. पोटातील वायूवर आपण जे सायमेथिकोन लिहून देतो, ते याच कुळातले. सिरिंजचा दट्ट्या सहज सरकावा म्हणून तिच्या नळीला आतून याच तेलाचा अतिसूक्ष्म थर दिलेला असतो. घर्षण कमी करणे हा त्याचा गुणधर्म आहे. सिरिंजमध्ये तो गुण आहे. टायर आणि डांबर यांच्यामध्ये तोच गुण घातक ठरतो. पाण्याने तो सहजासहजी निघतही नाही.

‘आम्ही रस्त्याला टेकणाऱ्या भागाला लावत नाही, फक्त कडेला लावतो,’ असे पुष्कळजण म्हणतात. मोटारीच्या बाबतीत हा युक्तिवाद चालतो, कारण तिचे चाक वळणावरही जवळजवळ उभेच राहते. दुचाकीचे तसे नाही. ती वळते तीच मुळी कलून. १५ मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी ३० किलोमीटर वेगाने जाताना तिला सुमारे २५ अंश कलावे लागते. म्हणूनच तिच्या टायरचा आडवा छेद गोलाकार असतो आणि त्यावरील नक्षी कडेपर्यंत गेलेली असते. सरळ जाताना मधला भाग रस्त्याला टेकतो, वळताना कडेचा. रस्त्याशी असलेला हा संपर्क जेमतेम तळहाताएवढा असतो आणि वाहनासह स्वाराचा सारा भार अशा दोन तुकड्यांवर असतो. पकडीची सर्वाधिक गरज असते त्याच क्षणी पॉलिश लावलेली कड खाली येते.

शिवाय लावले तेथेच ते राहत नाही. ताशी ६० किलोमीटर वेगाने फिरणाऱ्या मोटरसायकलच्या चाकाच्या परिघावर गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे ९० पट केंद्रोत्सारी ओढ असते. कडेवरचा ओला थर तिच्यामुळे बाहेर, म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या भागाकडेच सरकतो. फवाऱ्याने लावल्यास त्याचे तुषार डिस्क ब्रेकच्या तबकडीवर बसतात आणि ब्रेकची पकडही मंदावते.

पॉलिशने रबराचे आयुष्य वाढते हाही एक समज आहे. टायरचे रबर काळे असते ते त्यातील काजळीमुळे. ती रबराला बळकटी देते आणि सूर्याच्या अतिनील किरणांपासून राखते. ओझोन वायूने तडे जाऊ नयेत म्हणून रबरात विशिष्ट रसायने व मेण मिसळलेले असते. चाक फिरताना, दबताना ते हळूहळू पृष्ठभागावर येत राहते. टायरवर दिसणारी फिकट तपकिरी छटा पुष्कळदा त्याचीच असते. तिला मळ समजून द्रावकयुक्त पॉलिशने घासणे म्हणजे संरक्षक कवच पुसून काढणे होय. काही ठिकाणी डिझेल किंवा जळके ऑइल फासतात. ते तर रबर फुगवून मऊ करते.

माझ्याकडे एकदा एक महाविद्यालयीन तरुण मनगटाचे हाड मोडून आला. कोरड्या रस्त्यावर, साध्या वळणावर गाडी घसरली होती. आदल्या संध्याकाळी दोन्ही टायर चमकवून घेतल्याचे त्याने बोलता बोलता सांगितले. एका उदाहरणावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, हे आपण जाणतोच. परंतु भारतात २०२२ साली रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली आणि त्यांतील सुमारे ४४.५ टक्के दुचाकीवरची होती. अशा वाहनाची पकड निव्वळ शोभेसाठी कमी करणे कोणत्याही हिशेबात बसत नाही.

मग करावे काय? टायर पाणी, सौम्य साबण आणि ब्रशने धुवावेत व कोरडे होऊ द्यावेत. एवढ्याने ते पुरेसे काळे दिसतात. गाडी धुवायला देताना ‘टायरला काही लावू नका’ असे स्पष्ट सांगावे. कोणी लावलेच, तर भांड्यांच्या साबणाने दोन-तीन वेळा घासून काढावे आणि पहिले काही किलोमीटर सावकाश, फारसे न कलता चालवावे. ब्रेकच्या तबकडीवर तेल उडाल्याची शंका आल्यास कारागिराला दाखवावे. चमक पाहण्यापेक्षा हवेचा दाब पाहावा, तोही टायर थंड असताना. खाचांची खोलीही तपासावी. दुचाकीसाठी ती किमान ०.८ मिलिमीटर असावी असा आपल्याकडे नियम आहे.

हवेच्या टायरला व्यवहारात आणणारे जॉन बॉइड डनलॉप हे पशुवैद्य होते. बेलफास्टमध्ये आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठी त्यांनी तो बनवला, तो प्रवास सुखाचा व्हावा म्हणून. तेव्हा वाचकहो, येत्या दसऱ्याला वाहनाला हार अवश्य घालावा, कुंकू लावावे. टायर मात्र धुऊन, कोरडे करून तसेच राहू द्यावेत. घरातील तरुण मुलामुलींनाही हे आवर्जून सांगावे, ही विनंती.